टायटल नाही, किल्लीही नाही: अमेरिकेत जुनी गाडी धर्मादाय संस्थेला कशी द्यावी

अमेरिकेत जुनी गाडी धर्मादाय संस्थेला देणे हे एरवी सोपे काम आहे. संस्थेला फोन करावा, सही केलेले टायटल (गाडीच्या मालकीचा दाखला) आणि किल्ली तयार ठेवावी, टो ट्रक येतो आणि गाडी घेऊन जातो. या दोन्ही वस्तू सापडत नसल्या की मात्र मित्रमंडळींकडून सल्ले सुरू होतात, आणि बहुतेक सल्ले किल्लीपासून सुरू होत असल्यामुळे तिथेच बिघडतात. किल्लीवाचून गाडी उचलता येते. टायटलवाचून तिची मालकी हलत नाही, आणि मालकी हलली नाही तर ती गाडी पुढे कुठेही सापडली, तिला टोल लागला किंवा दंड झाला, तरी कागद तुमच्याच दारी येतो. शिवाय नवी किल्ली करून देतानाही डीलर मालकीचा पुरावा मागतो. तेव्हा आधी टायटल, मग किल्ली, या क्रमात बदल करू नये.

संस्था निवडण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याच्या) संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध घेता येतो; तिथे नाव सापडले नाही तर पुढची संस्था पाहावी.

‘टायटल नसले तरी चालेल’ याचा अर्थ

अशी जाहिरात करणाऱ्या संस्था आणि त्यांचे मध्यस्थ खोटे बोलत नाहीत, पण पूर्ण बोलतही नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की डुप्लिकेट टायटलचा फॉर्म ते तुमच्याकडून भरून घेतील. काही राज्यांत ही सोय खरोखर चांगली आहे: कॅलिफोर्नियात आरईजी २२७ या एकाच फॉर्मवर हरवलेल्या टायटलचा अर्ज आणि मालकी सोडल्याची सही अशी दोन्ही कामे होतात. कुठल्याही राज्यात ‘कागद नकोच’ असे मात्र नसते. अपवाद फार जुन्या गाड्यांचा, कारण काही राज्ये त्यांना टायटल देतच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९७२ किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या गाडीचे रजिस्ट्रेशनच हस्तांतराला चालते.

आपल्या लोकांचा आणखी एक घोळ इथे होतो. भारतात व्यवहारात आरसी बुक हेच गाडीचे सर्वस्व असल्यामुळे, अमेरिकेतला रजिस्ट्रेशनचा कागद काढून ‘हा काय, आहे की’ असे सांगितले जाते. रजिस्ट्रेशन म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगी. मालकीचा दाखला म्हणजे टायटल, आणि संस्थेला तेच लागते. साध्या कागदावर दोघांनी सह्या करून केलेले विक्रीपत्रही त्याची जागा घेऊ शकत नाही. व्हरमाँट राज्यातून टपालाने रजिस्ट्रेशन मागवून टायटलचा प्रश्न सोडवण्याची जी युक्ती अजून सांगितली जाते, ती पळवाट त्या राज्याने २०२३ मध्ये बंद केली. टेक्सासमधल्यासारखे हमीपत्रावरचे टायटल, ज्यासाठी गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड घ्यावा लागतो, ते नोंदीत नाव नसलेल्या मालकासाठी असते. दान करायच्या जुनाट गाडीसाठी त्या वाटेला जाणे हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे.

नोंद काय म्हणते ते आधी पाहावे

हा टप्पा लोक वगळतात आणि नेमके इथेच अडकतात. डुप्लिकेट टायटलचा अर्ज करणे अवघड नाही. तो फेटाळला जाऊ नये अशी स्थिती आधी तयार करणे अवघड आहे. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा चार कारणांनी, आणि ती चारही अर्ज पाठवण्यापूर्वी तपासता येतात.

पहिले कारण चुकीचे राज्य. डुप्लिकेट देते ते गाडीचे शेवटचे टायटल काढणारे राज्य, तुम्ही आज राहता ते नव्हे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला घेतलेली गाडी न्यू जर्सीत आणून तिथे टायटल बदलून घेतलेच नसेल, तर न्यू जर्सीच्या कार्यालयात रांग लावण्यात अर्थ नाही; टेक्सासचा व्हीटीआर-३४ फॉर्म टपालाने पाठवावा लागेल. (हा टपालाचा अर्ज दोन डॉलरमध्ये होतो, न्यूयॉर्कचा एमव्ही-९०२ वीस डॉलरमध्ये. महाग पडतो तो परत आलेला अर्ज.) गाडीचा व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) चालकाच्या बाजूला काचेखाली डॅशबोर्डवर बाहेरूनही वाचता येतो, त्यामुळे बंद गाडीची अडचण येत नाही. १९८१ पासूनच्या गाड्यांना तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. तुम्ही उतरवून घेतलेल्या क्रमांकात ती दिसली तर तुम्ही एक किंवा शून्य चुकीचे वाचले आहे.

दुसरे कारण कर्ज, आणि हे सर्वांत चिवट असते. सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढतो तसाच गाडीच्या टायटलवर कर्ज देणाऱ्याचा लीन चढतो, आणि कर्ज फिटले म्हणून तो नोंदीतून आपोआप उतरेलच असे नाही. ‘आम्ही कर्ज केव्हाच फेडले’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्यावर मी फक्त पत्र मागतो. पत्र म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या लेटरहेडवर, व्हीआयएन, मालकाचे नाव आणि बोजा उतरवल्याची तारीख असलेले, अधिकाऱ्याच्या सहीचे लीन मुक्तीचे पत्र. हप्ते संपल्याचे बँकेचे विवरण हा त्याला पर्याय नाही, आणि ग्राहकसेवेवरच्या मुलाने ‘आमच्याकडे शून्य बाकी दिसते’ असे फोनवर सांगणे तर नाहीच. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर वारसदार बँकेकडे पत्र मागावे. बँक बुडाली असेल आणि तिचा कारभार एफडीआयसीकडे (बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) गेला असेल, तर एफडीआयसी असे पत्र मिळवून देण्याचे काम करते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण गाडी अंगणात कुजू देतात. काही राज्यांत लीन सोडणाऱ्याची सहीही नोटरीसमोर लागते, हे पत्र मागतानाच विचारून घ्यावे, नाहीतर तोच फेरा पुन्हा घ्यावा लागतो.

याच्याशीच जोडलेली एक चांगली बातमीही आहे. आपले टायटल हरवले असे समजणाऱ्या अनेकांचे टायटल मुळात कागदावर छापलेच गेलेले नसते. फ्लोरिडासारख्या राज्यांत ते इलेक्ट्रॉनिक रूपात राहते आणि कर्ज फिटल्यावरही मागितल्याशिवाय कागद येत नाही. अशा वेळी ‘हरवले’ असे शपथेवर लिहून देण्याची गरज नसते. छापील प्रत मागितली की काम होते. गाडी लीजवर घेतलेली असेल तर ती तुमची नाहीच, आणि दानाचा विषय तिथेच संपतो.

तिसरे कारण नावे. टायटलवर पतिपत्नी दोघांची नावे असतील, तर त्यांच्यामध्ये ‘आणि’ आहे की ‘किंवा’ यावर सर्व अवलंबून असते. ‘किंवा’ असेल तर साधारणपणे एकाची सही पुरते, ‘आणि’ असेल तर दोघांची लागते. कॅलिफोर्नियात दोन नावांमधली तिरकी रेघ म्हणजेही ‘आणि’. त्यावर आपल्याकडची खास अडचण अशी, की वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कधी मधले नाव म्हणून, कधी पहिल्या नावाला चिकटून, तर कधी गाळूनच लिहिले गेलेले असते, आणि लग्नाआधी घेतलेल्या गाडीवर माहेरचे आडनाव असते. लायसन्सवरचे नाव टायटलच्या नोंदीशी जुळत नसेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे निवेदन अर्जासोबतच जोडावे. कॅलिफोर्नियात त्यासाठी आरईजी २५६ हा फॉर्म आहे. कारकून मागेल तेव्हा देऊ, असे म्हणू नये. टपालाने केलेल्या अर्जात कारकून मागत नाही, अर्ज परत पाठवतो.

चौथे कारण पत्ता. डुप्लिकेट टायटल नोंदीतल्या पत्त्यावर जाते आणि टपाल खाते ते सहसा नव्या घरी वळवत नाही. आधी डीएमव्हीमध्ये (राज्याच्या वाहन नोंदणी खात्यात) पत्ता बदलावा, तो बदलल्याची खात्री करावी, मगच अर्ज करावा. घाई असली तरी हे उलटे करू नये.

मालक भारतात परतला असेल तर

नोकरी गेली किंवा व्हिसा संपला म्हणून कुटुंब पुण्याला परतले, आणि गाडी मित्राच्या ड्राइव्हवेत राहिली, ही गोष्ट मराठी घरांत नवी नाही. मित्राचा हेतू कितीही चांगला असला तरी गाडी त्याची नाही. तो टायटलवर मालकाच्या नावाने सही करू शकत नाही, आणि ‘मीच त्याची सही मारतो’ हा सल्ला देणाऱ्याला सरळ गप्प करावे. मुखत्यारपत्र लागते, आणि अनेक राज्यांच्या डीएमव्हीचा त्यासाठी स्वतःचा फॉर्म असतो. कॅलिफोर्नियाचा आरईजी २६० हा त्यातलाच. वकिलाकडून दहा पानी सर्वसाधारण मुखत्यारपत्र करून घेण्यापेक्षा, व्हीआयएन लिहिलेला त्या राज्याचा एक पानी फॉर्म अधिक उपयोगी पडतो.

त्या राज्याला नोटरी हवी असेल तर भारतातून दोन मार्ग आहेत. मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन नोटरी करता येते, प्रत्येक शिक्क्याला पन्नास डॉलर पडतात. किंवा भारतीय नोटरीकडे सही करून त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) घ्यावे. माझे मत दूतावासाच्या बाजूने आहे, कारण तो शिक्का डीएमव्हीच्या खिडकीवर ओळखीचा वाटतो. कागद कुरिअरने मूळ स्वरूपात पाठवावा, स्कॅन करून नव्हे. परतणाऱ्याने विमानात बसण्यापूर्वीच हा फॉर्म सही करून मित्राकडे ठेवला, तर हा सगळा परिच्छेद वाचण्याची वेळ येत नाही.

मालक हयात नसेल तर न्यायालयात न जाता वारसाच्या प्रतिज्ञापत्रावर गाडीची मालकी हलवण्याची सोय बऱ्याच राज्यांत आहे. कॅलिफोर्नियात आरईजी ५ वापरतात आणि तो मृत्यूनंतर चाळीस दिवस उलटल्यावरच चालतो.

सही

टायटल आले की घेणाऱ्याच्या जागी संस्थेचे नाव लिहावे. ‘ती जागा कोरी ठेवा, आम्ही भरू’ असे म्हणणाऱ्याला नकार द्यावा. कोऱ्या टायटलवर गाडी हातोहात फिरते आणि नोंदीत नाव तुमचेच राहते. खाडाखोड करू नये आणि पांढरी शाई वापरू नये, नाहीतर पुन्हा डुप्लिकेटच काढावे लागते. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, नॉर्थ कॅरोलायना आणि ॲरिझोना यांसारख्या राज्यांत सही नोटरीसमोर करायची असते, घरी आधी करून न्यायची नसते. डुप्लिकेट निघाल्यानंतर जुने टायटल माळ्यावर सापडले, तर ते रद्द झालेले आहे असे समजावे आणि वापरू नये.

किल्ली

आता किल्लीचा प्रश्न हिशेबाचा उरतो. साधारण २००० नंतरच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीत चिप असते, त्यामुळे धातू कापून भागत नाही; गाडी समोर ठेवून किल्ली जुळवावी लागते, म्हणजे गाडी डीलरकडे टो करावी लागते किंवा फिरत्या लॉकस्मिथला घरी बोलवावे लागते. खर्च सहज दोनशे-तीनशे डॉलरच्या घरात जातो. गाडी भंगारातच जाणार असेल तर हा खर्च करू नये. ती चालू अवस्थेत असेल तर एक किल्ली जरूर करावी, कारण सुरू न होणारी गाडी लिलावात बंद गाडीच्या भावाने जाते आणि, पुढे सांगितल्याप्रमाणे, तुमची करसवलत लिलावाच्या भावावरच ठरते.

किल्ली न करता गाडी द्यायची असेल, तर टो कंपनीला वेळ ठरवतानाच सर्व सांगावे: किल्ली नाही, गिअर पार्कमध्ये अडकला आहे, स्टिअरिंग लॉक आहे, गाडीचे तोंड भिंतीकडे आहे की रस्त्याकडे, कोणत्या टायरमध्ये हवा नाही. अपार्टमेंटच्या तळघरात गाडी असेल तर छताची उंची सांगावी, कारण फ्लॅटबेड ट्रक आत शिरत नाही आणि चालक हात हलवत परत जातो. आतले सामान आणि काचेवरचा ई-झेडपास (टोल भरण्याचे उपकरण) काढण्यासाठी लॉकस्मिथकडून फक्त दार उघडून घेता येते, ते स्वस्त पडते.

एक अडचण कुणी सांगत नाही. डिजिटल ओडोमीटर किल्लीशिवाय उजळत नाही, आणि २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेलला वीस वर्षे होईपर्यंत हस्तांतराच्या वेळी मैलांची नोंद देणे केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. २०१० आणि त्याआधीची मॉडेल्स त्यातून सुटली आहेत. नव्या गाडीसाठी शेवटच्या सर्व्हिसिंगची किंवा तपासणीची पावती शोधावी, त्यावरचा आकडा संस्थेला दाखवावा आणि तो कसा लिहायचा ते विचारावे. अंदाजाने गोल आकडा ठोकून देऊ नये.

गाडी गेल्यावर

त्याच दिवशी मालकी सोडल्याची सूचना राज्याला द्यावी. कॅलिफोर्नियात त्यासाठीच्या आरईजी १३८ या फॉर्मला पाच दिवसांची मुदत आहे, टेक्सासमध्ये तीस दिवसांची. नंबर प्लेट कॅलिफोर्नियात गाडीवर राहते. न्यूयॉर्कमध्ये ती काढून परत करायची असते, आणि विमा त्यानंतरच बंद करायचा असतो, आधी केला तर रजिस्ट्रेशन निलंबित होऊ शकते.

कराबाबत लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. २००५ पासूनचा नियम असा, की वजावट पाचशे डॉलरवर जात असेल तर ती बहुतेक वेळा संस्थेने गाडी ज्या किमतीला विकली तेवढीच मिळते, जुन्या गाड्यांच्या भावांच्या माहितीपुस्तिकेतली किंमत नाही. गाडी पाचशेच्या आत विकली गेली, तर बाजारभाव किंवा पाचशे डॉलर यांतली लहान रक्कम धरावी. संस्थेने विक्रीपासून तीस दिवसांत १०९८-सी फॉर्म (गाडीच्या दानाची पोच) द्यायचा असतो. तो टायटलवरच्या मालकाच्या नावाने आणि त्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकासह आला आहे ना, ते पाहावे, आणि वजावट पाचशेवर असेल तर विवरणपत्रासोबत ८२८३ हा फॉर्म जोडावा. यातले काहीही उपयोगी पडते ते वजावटी एकेक करून मांडणाऱ्यालाच. २०२५ च्या वर्षासाठी दांपत्याची प्रमाणित वजावट (एकेक वजावट न मांडता मिळणारी ठरावीक रक्कम) ३१,५०० डॉलर असल्यामुळे बहुतेक घरांना गाडीच्या दानातून करात काहीच मिळत नाही. प्रमाणित वजावट घेणाऱ्यांसाठी २०२६ पासून जी नवी सवलत आली आहे ती फक्त रोख देणगीला लागू आहे, गाडीला नाही. ही आकडेमोड किल्लीवर तीनशे डॉलर घालण्यापूर्वी करावी.