घर बघता, पण हौद बघता का? मराठवाड्यात घर बदलताना या चुका टाळा

"बोअरला बारा महिने पाणी आहे" हे वाक्य मराठवाड्यातल्या बहुतेक घरमालकांना तोंडपाठ असतं. ते खोटं असतंच असं नाही. मोटर लावली की पाणी येतं, म्हणून ते तसं सांगतात. पण तुम्ही घर बघायला गेलात कोणत्या महिन्यात? श्रावणात किंवा गणपतीत गेलात तर पाणी दिसणारच. तेच बोअर एप्रिलअखेरीस दहा मिनिटं चालून हवा ओढायला लागतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आठवून घर बघायला निघा.

पाण्याचं मालकाला विचारू नका, शेजारी विचारा. तेही "पाणी कसं आहे?" असं नको, कारण त्यावर "चांगलं आहे" याशिवाय उत्तर मिळत नाही. "मावशी, मागच्या मे महिन्यात टँकर किती घ्यावे लागले?" असं विचारा. आकडा आला की खरं कळतं. नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो, रात्री दोनला उठावं लागतं का, हेही त्याच ओट्यावर विचारून घ्या.

मग हौदाचं झाकण उचला. पाच बाय चार फुटांचा आणि चार फूट खोल हौद डोळ्यांना मोठा वाटतो, पण त्यात साधारण 2,260 लिटरच मावतं. चार माणसं, माणशी रोज 100 लिटर आणि नळ आठ दिवसांनी, म्हणजे लागणार 3,200 लिटर. वरची टाकी हजार लिटरची असेल तर कसंबसं भागेल. पाचशेची असेल तर दर फेरीला टँकरवाल्याला फोन. हौद दोन भाडेकरूंत सामाईक असेल तर हिशोब निम्म्यावर येतो, आणि मोटर कुणी कधी लावायची यावरून वर्षभर भांडणं. वेळापत्रक राहायला येण्याआधीच ठरवून घ्या.

बोअरचं पाणी किती जड आहे ते नळाच्या बुडाशी बघा. पांढरा थर खरवडून निघत नसेल तर गिझरच्या आत काय असेल याचा अंदाज करा. एक बाटलीभर पाणी घरी आणून त्यात तुरीची दाळ शिजवून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. तीन शिट्ट्यांऐवजी सहा लागल्या, तर स्वयंपाकाला जारचं पाणी धरूनच महिन्याचा खर्च मांडा.

सकाळी घर बघणं ही दुसरी चूक. सकाळी प्रत्येक घर गार असतं. वरच्या मजल्याचं भाडं कमी का, हे एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारला स्लॅबखाली पाच मिनिटं उभं राहिलात की कळतं. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. कूलर ठेवायला बाहेर उघडणारी खिडकी आहे का तेही बघा. खिडकीच नसेल तर कूलर खोलीतलीच दमट हवा फिरवत बसतो.

भिंती बघताना रंगाला भुलू नका. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असला की घरही तिच्याबरोबर हलतं. दरवाजा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर ही त्याची खूण. पुट्टी भरून फक्त तेवढाच पट्टा नव्याने रंगवलेला असेल तर सावध व्हा. दरवाज्याची वरची कड बोटाने चाचपा: रंधा मारलेला लागला तर दर पावसाळ्यात तो अडकतो, असं समजा. विकत घेत असाल तर "पाया मुरुमापर्यंत नेलाय का?" हे बांधणाऱ्या मिस्त्रीलाच विचारा. जुन्या दगडमातीच्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात खोली घेताना तर भिंत फुगलीय का ते बघाच. 1993 च्या किल्लारी भूकंपात सगळ्यात जास्त माणसं अशाच जड भिंतींखाली दबली होती.

कागदाच्या भानगडी

भाड्याने राहणाऱ्यांनी खरेदीचं सोडून थेट खालचं 'भाड्याचं थोडक्यात' वाचलं तरी चालेल. घेणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे बाँडवरचा प्लॉट. मुद्रांकावर नोटरी केली की वीस बाय तीसचा प्लॉट आपला झाला, अशी समजूत छत्रपती संभाजीनगरच्या कडेच्या वस्त्यांपासून नांदेडपर्यंत आहे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला नोंदणी लागते. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करण्याचा, कायदा 2001 चा. त्यात 2021 मध्ये बदल होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित होण्याची वाट मोकळी झाली. पण "गुंठेवारीत होऊन जाईल" हे दलालाचं आश्वासन झालं. झालं असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र दाखवा म्हणावं.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकण्यावर बंधन असलेली जमीन, लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. निजामाच्या काळातल्या इनामी आणि देवस्थानच्या जमिनी मराठवाड्यात भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच परवानगीशिवाय विकताच येत नाहीत. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्या, सोबत 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) काढायला सांगा. मूळ जमीन कुणाची होती ते त्यात निघतं. जुने उतारे उर्दूत असतात, तेव्हा वाचणारा माणूसही गाठावा लागतो.

फ्लॅट असेल तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक स्वतः संकेतस्थळावर टाकून बघा. फलकावर छापलाय एवढ्यावर जाऊ नका.

भाड्याचं थोडक्यात. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणी लागते आणि ती करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. कराराची नोंद नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, हे मालकांनाही सांगून ठेवावं. विजेचं युनिट सबमीटरवर कोणत्या दराने लावणार ते करारात लिहून घ्या आणि किल्ली घेतानाच मीटरचा फोटो काढा.

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला मुलांसाठी खोली बघणाऱ्यांचं तंत्र वेगळं. दहावीचा निकाल लागला की एकच झुंबड उडते, आणि फोनवर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवले जातात. कुणीतरी नातेवाईक प्रत्यक्ष जाऊन संडास-बाथरूम किती मुलांत आहे ते बघू द्या, पैसे मग. बारावीनंतरची 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा मे महिन्यात असते. करार मार्चला संपत असेल तर ऐन परीक्षेत मुलगा बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरेल.

सामान हलवताना

नळाच्या दिवशीच शिफ्ट व्हा, नाहीतर रिकाम्या हौदावर संसार मांडाल. वर्षाचं धान्य भरायच्या आधी घर बदलणं शहाणपणाचं; ज्वारी-गव्हाची पोती तिसऱ्या मजल्यावर चढवण्याची हमाली डोळे पांढरे करते. पितृपक्षात कुणी घर बदलत नाही, त्यामुळे तेव्हा छोटा हत्ती लगेच मिळतो आणि भावही करता येतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, घरातल्या मोठ्यांना मात्र विचारा.

टेम्पोवाल्याशी बोली करताना "उतरवून, जागेवर लावून" असं स्पष्ट बोला. "पोचवून देतो" म्हणजे फाटकापर्यंतच. गल्लीत गाडी वळते का ते आधी बघून या. कूलरमधला जुना वाळा फेकून द्या, तो झडून गाद्यांवर पसरतो. फ्रिज उभाच न्या. आडवा करावाच लागला तर उतरवल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करा. लोणच्याची बरणी मात्र टेम्पोत देऊ नका, ती रिक्षात मांडीवर घेऊन जायची.