मंडईत बाटली वापस घ्यायची व्यवस्था कशी लावायची

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया सुरू होतात, म्हणजे गावोगावच्या जत्रा. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक. सकाळी मंडप निघतो, बाटल्या मात्र आजूबाजूच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, पडून राहतात. तेव्हा धान निघालेलं असतं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पावसाळ्यात रोवणीला चिखलात उतरलेल्या बायांच्या पायात काच जाते, तेव्हा कळतं. माझा साकोली तालुक्यात पानठेला आहे आणि मी गावच्या नाट्यमंडळातही आहे. आम्ही पाण्याच्या आणि थंड पेयाच्या प्रत्येक बाटलीवर पाच रुपये डिपॉझिट घेतो आणि रिकामी बाटली आली की देऊन टाकतो. तुमच्या गावातही हे जमेल.

आधी सगळ्या दुकानदारांना एकत्र बसवा. एकानंही डिपॉझिट घेतलं नाही तर गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाईल आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी सोडून देतील. म्हणून मंडळानं दुकानाला जागा देतानाच ही अट घालावी. छापील किमतीच्या वर पैसे घेता येत नाहीत, तेव्हा फलकावर दोन्ही रकमा वेगळ्या लिहा: "पाणी २० रुपये. बाटलीचे ५ रुपये, बाटली दिली की वापस." ग्रामसभेत ठराव घेतलेला बरा.

पाचच का? रुपयासाठी माणूस वाकत नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर परतीची किंमत छापायची अट होती, रुपया-दोन रुपये. तेवढ्यासाठी माझ्या ठेल्यावर कोणी बाटली घेऊन आल्याचं मला आठवत नाही. तामिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात २०२२ पासून सरकारी दारू दुकानांतल्या बाटलीवर दहा रुपये लावले, केदारनाथच्या वाटेवरही त्याच वर्षी पाण्याच्या बाटलीवर दहाच. आमच्या मंडईत वीसच्या बाटलीवर दहा म्हटले की लोक बिचकतात. पाच चालतात.

आता खुणेचं काम. खूण नसेल तर आजूबाजूच्या चार गावांतल्या बाटल्या तुमच्याकडे येतील आणि पैसे पुरणार नाहीत. कागदी चिठ्ठी चिकटवू नका, बर्फाच्या टाक्यात ती सुटून वर तरंगते. झाकणावरही खूण नको, झाकण आधी हरवतं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरलेला ऑइल पेंट घ्या आणि बाटलीच्या बुडाला बोटाएवढा ठिपका द्या. आदल्या दिवशी द्या, म्हणजे रात्रभर वाळतो. दरवर्षी रंग बदला. हे काम पोरं हौसेनं करतात, पण पेंट हाताला लागतो, जवळ रॉकेल आणि चिंध्या ठेवा.

वापस घ्यायचं टेबल विक्रीच्या ठेल्यापासून वेगळं लावा, बाहेर निघायच्या वाटेवर, दिव्याखाली. नाटक पहाटे सुटतं आणि सगळी गर्दी एकदम निघते. त्या वेळी टेबल बंद असेल तर केलेली सगळी मेहनत वाया. दोन माणसं पाहिजेत, एकानं बुड पाहायचं, दुसऱ्यानं पैसे द्यायचे. बाटली कोणाची, कुठे सापडली, हे विचारायचं नाही. गरीब घरचं पोरगं दहा बाटल्या घेऊन आलं तर त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवा, तोंड वाकडं करू नका. विकताना ठेलेवाल्यानं प्रत्येकाला सांगावं, "भाऊ, बाटली वापस आणजो, पाच रुपये घेऊन जाजो." फलक वाचणारे थोडे, ऐकणारे सगळे.

पैशाचं असं. समजा रात्री चारशे बाटल्या जाणार, तर दोन हजार रुपये बाजूला, आणि तेही पाचच्या नाण्यांत. चिल्लर बँकेतून आठवडाभर आधी आणून ठेवा. सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देऊ नका, लोक चिडतात आणि ते बरोबरच आहे. ठेलेवाल्यांनी डिपॉझिट रात्रीच मंडळाकडे जमा करावं. न आलेल्या बाटल्यांचे जे पैसे उरतील त्यांचा हिशोब दुसऱ्या दिवशी माइकवर वाचून दाखवा. हा पैसा कोणाच्या खिशात गेला अशी नुसती कुजबुज झाली तरी पुढच्या वर्षी कोणी डिपॉझिट देणार नाही.

बाहेरून आणलेल्या बियरच्या बाटल्यांवर आपलं डिपॉझिट नसतं, पण पायाला लागते ती काच त्यांचीच. आम्ही उरलेल्या पैशातून अख्ख्या बाटलीला एक रुपया देतो. काच मोठ्या माणसांनीच उचलायची.

पैसे दिले की लगेच झाकण काढा, उरलेलं पाणी ओता, बाटली पायाखाली चपटी करा आणि चुंगडीत, म्हणजे पोत्यात, भरा. आधी चपटी केली तर खूण दिसत नाही. बुडाला त्रिकोणात १ हा आकडा असलेल्या बाटल्या एका चुंगडीत, झाकणं दुसरीत, कारण त्यांचं प्लास्टिक वेगळं असतं. ॲल्युमिनियमचे डबे वेगळे, त्यांना भाव जास्त मिळतो. फ्रुटीसारखे कागदी डबे आमच्याकडचा कबाडी घेत नाही, म्हणून त्यांच्यावर डिपॉझिट लावू नका. कबाड्याला मंडईच्या आधीच भाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची गाडी बोलवा, उशीर झाला तर कुत्री चुंगड्या फाडतात.