विमानातल्या रोटरीला फ्लायव्हील कुठलं लावायचं?

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये रोटरी (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन) म्हणजे बहुतेक वेळा माझदाचं १३बी नाहीतर आरएक्स-८ गाडीतलं रेनेसिस, आणि फ्लायव्हीलचा, म्हणजे शाफ्टवरच्या जड चकतीचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, सगळ्यात हलकं कुठलं? विमानात प्रत्येक किलो टोचतो हे मान्य, पण इथे वजन तिसऱ्या नंबरवर येतं. आधी काउंटरवेट (तोल साधणारं वजन), मग टॉर्शनल व्हायब्रेशन (शाफ्टला पीळ देणारं कंपन) आणि मग वजन.

या इंजिनात दोन रोटर १८० अंशांनी उलटसुलट बसतात, त्यामुळे ते एकमेकांचा धक्का खातात, पण दोघांमध्ये अंतर असल्याने शाफ्टला डोलवणारा जोर उरतोच आणि तो मारायला शाफ्टच्या पुढे आणि मागे एकेक वजन लागतं. मॅन्युअल गाडीत मागचं वजन फ्लायव्हीलमध्येच ओतलेलं असतं, ऑटोमॅटिकमध्ये वजन वेगळं आणि त्यावर बोल्टने लावलेली पातळ फ्लेक्सप्लेट. आता गंमत अशी की माझदाने पुढच्या पुढच्या मॉडेलांत रोटरचं वजन बदललंय, म्हणून काउंटरवेट तुमच्याच रोटरच्या वर्षाचं पाहिजे, पुढचं आणि मागचं दोन्ही. दुसऱ्या वर्षाचंही टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, व्यवस्थित बसतं, फसायला होतं ते इथेच. जुनं इंजिन घेतलं असेल आणि आत कुठले रोटर आहेत याची खात्री नसेल तर उघडून बघा, अंदाजावर जाऊ नका.

विमानात क्लच नाही, मग क्लच घासायची ती जाड चकती कशाला वाहायची? माझा कल सरळ ऑटोमॅटिकचं काउंटरवेट अधिक फ्लेक्सप्लेट याकडेच आहे, स्टार्टरची रिंग गिअर तिच्यावर असतेच आणि वजनही कमी. फक्त घ्यायच्या आधी तुमच्या रिडक्शन गिअरचं (इंजिनाचा वेग प्रॉपसाठी कमी करणाऱ्या गिअरचं) ड्रॉइंग बघा, त्याची डॅम्पर प्लेट, म्हणजे धक्के शोषणारी रबराची किंवा स्प्रिंगची प्लेट, कशावर बोल्ट होते ते.

आता खरा मुद्दा. लोक म्हणतात एवढा मोठा प्रॉप (पंखा) फिरतोय, तोच फ्लायव्हील झाला की. नाही झाला, कारण मध्ये गिअर आहेत आणि डॅम्परचं रबर किंवा स्प्रिंग आहे. गिअर २.८५ चा असेल (शाफ्टचे २.८५ फेरे तेव्हा प्रॉपचा एक) तर प्रॉपचा इनर्शिया (फिरण्यातलं जडत्व) शाफ्टला त्याच्या वर्गाने भागून जाणवतो, म्हणजे साधारण आठवा हिस्सा, आणि हलका लाकडी प्रॉप असेल तर तो हिस्सा अगदीच किरकोळ. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला हा आठवा हिस्सा आणि मध्ये स्प्रिंग, अशा जोडीचा रेझोनन्स, म्हणजे धक्क्यांशी ताल जुळून कंपन एकदम वाढतं तो वेग, कुठेतरी येणारच, तो कुठे येऊ द्यायचा एवढंच आपल्या हातात. दोन रोटरचं इंजिन शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के देतं, म्हणजे १५०० आरपीएमच्या आयडलला (इंजिन नुसतं रिकामं फिरतं तेव्हा) सेकंदाला ५०, आणि स्टार्टर २५० ने फिरवत असेल तेव्हा आठ-एक. रेझोनन्स या दोघांच्या मधे, आयडलच्या बराच खाली पाहिजे, म्हणजे सुरू करताना आणि बंद करताना तो पटकन ओलांडला जातो. फ्लायव्हील हलकं केलं की रेझोनन्स वर सरकतो, मग डॅम्पर तेवढा मऊ करावा लागतो. डॅम्पर कडक असेल तर जड फ्लायव्हीलच बरं, दोन-चार किलो जास्त झाले तरी चालतील.

अजून एक, एक रोटर बंद पडला तर फेऱ्याला एकच धक्का उरतो, म्हणून १२०० आरपीएमला असलेला रेझोनन्स आता २४०० ला भेटतो, तोही नेमका अडचणीत असताना. त्यामुळे आयडलच्या जरासा खाली ठेवून समाधान मानू नका, भरपूर खाली ठेवा.

ॲल्युमिनियमचं घ्यायचं असेल तर काउंटरवेट वेगळं घ्यावं लागतं, वजन मोजताना ते धरा, नाहीतर जाहिरातीतला आकडा फारच छान दिसतो. आणि ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील लेथवर छाटून हलकं करायचं तर अजिबात नको, हे इंजिन सहा-सात हजाराने फिरतं आणि तुकडा सुटला तर पुढे तुमचे पाय आणि इंधनाच्या नळ्या आहेत. नवीन घेताना एसएफआयचा (रेसिंगच्या भागांची सुरक्षा मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा) शिक्का असलेलं बघा.

बसवताना टेपर दोन्हीकडून कोरडा आणि स्वच्छ हवा. जोर टेपरची पकड घेते, खाचेतली चावी (की) फक्त जागा दाखवते, म्हणून निळा रंग लावून टेपर सगळीकडे टेकतोय का ते तपासा. नट ५४ मिमीचा असतो आणि टॉर्क ३९२ ते ४९० न्यूटन मीटर, त्यासाठी लांब दांडा आणि फ्लायव्हील अडवायचा जाड पट्टा लागेल, इम्पॅक्टने ठोकून "झालं घट्ट" म्हणू नका. मग डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना चकती किती डोलते ते, बघा. डॅम्परसाठी प्लेटला नवीन भोकं पाडली असतील तर सगळं एकत्र जोडून परत बॅलन्स करून घ्या.

पहिल्यांदा चालवताना आयडलला गिअर खडखडतील, आरपीएम थोडं वाढवल्यावर आवाज गेला तर ठीक, तेवढंच आयडल ठेवा. तरीही राहिला तर उडायचं नाव काढू नका, डॅम्परचं रबर बदलून बघा. पुढे कधी प्रॉप बदललात तर ही तपासणी परत करायची.