गेम मस्त वाजतोय पण तुम्ही हरताय? म्युझिकवाल्या टॉवर डिफेन्समध्ये या चुका टाळा

साधं टॉवर डिफेन्स, म्हणजे चालून येणाऱ्या शत्रूला टॉवर उभारून अडवायचा गेम, कोणालाही जमतं, रस्ता बघायचा, टॉवर ठोकायचे, पैसे साठले की अपग्रेड. पण टॉवर जिथे तालावरच गोळी सोडतात तिथे हे सगळं शहाणपण कामाला येत नाही. एडिनबराच्या लकी फ्रेम या कंपनीचा 2012 चा बॅड हॉटेल हा गेम घ्या ना, हॉटेलला खोल्या जोडत जायच्या, त्याच तुमच्या तोफा, आणि त्यांच्या गोळीबारातूनच म्युझिक तयार होतं. अंगावर सीगल, उंदीर, अगदी यतीसुद्धा येतात. डोकं लावणाऱ्याचं काम आहे, पण आमच्या ग्वाल्हेरची गाणं-बजावणं घरात असलेली पोरं यात हमखास फसतात, कारण हात आपोआप समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर जातो.

हीच सगळ्यात मोठी चूक. असे गेम बहुतेक 16 घरांच्या लूपवर, म्हणजे परत परत फिरणाऱ्या आवर्तनावर चालतात, म्हणजे तीनतालाच्याच मात्रा समजा. माझा भाचा तबला शिकतो, त्याने सगळे भारी टॉवर 1, 5, 9, 13 वर बसवले, ऐकायला काय दणदणीत! आणि मधल्या घरांत पूर्ण शांतता, शत्रू तिथूनच आरामात निघून जातोय. "मामा, एवढं छान वाजतंय तरी मरतोय कसा मी?" अरे बाबा, जिथे आवाज नाही तिथे गोळीही नाही. खालीला, म्हणजे तालाच्या हलक्या भागात, तबल्यात बायां (डाव्या हाताचा डग्गा) सोडतात, इथे सोडायचा नाही. भारी टॉवर दोनच ठेवा समेजवळ, बाकी हलके, स्वस्तवाले 3, 7, 11, 15 वर पसरून द्या. थोडं कमी गोड लागेल, चालतं.

लय बदलली की मारही बदलतो हे तर कोणी बघतच नाही. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके), एका ठोक्यात चार घरं धरून, 16 घरांचा लूप 2 सेकंदांत फिरतो, 80 ला त्यालाच 3 सेकंद लागतात, म्हणजे लूपमध्ये एकदा सुटणाऱ्या टॉवरचा मार सेकंदामागे एक तृतीयांशाने कमी झाला, टॉवर तोच, पैसे तेवढेच. म्हणून विलंबित, म्हणजे संथ लयीची लेव्हल आली की टॉवर वाढवा, अपग्रेडच्या मागे लागू नका.

आता "गेम लॅग होऊन राहिलाय", म्हणजे उशिरा चालतोय, वाली तक्रार. बरेच गेम तुमचा टॅप पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतात, तुम्हाला वाटतं टच लागलाच नाही, मग परत टॅप आणि दोन टॉवरचे पैसे गेले. एकदाच दाबा आणि थांबा, बस.

खरा लॅग बहुतेक ब्लूटूथचाच असतो. साध्या इयरबडमध्ये आवाज 150 ते 250 मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो आणि 120 बीपीएमला लूपचं एक घर 125 मिलिसेकंदांचं, म्हणजे तुम्ही एक-दोन घरं मागचं ऐकून खेळताय! वायरचा इयरफोन लावा. नसेलच तर सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन (आवाज आणि टॅप जुळवून घेणं) असेल ते करा, पण ज्या इयरबडवर खेळणार त्याच्यावरच, स्पीकरवर करून मग इयरबड घातले तर सगळं मुसळ केरात. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा, त्याने फ्रेम अडकतात.

एकाच कानात इयरबड घालून खेळणाऱ्यांना वेगळा त्रास. शत्रू डावीकडून आला तर त्याचा आवाज डावीकडेच, आणि तुमचा डावा खिशात. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं, ते चालू करा, कुठली बाजू ते कळणार नाही पण कोणीतरी आलंय हे तरी कळेल.

म्युझिक बंद करून खेळणाऱ्यांबद्दल काय बोलायचं! धोका वाढला की म्युझिकमध्ये थर चढवायचा, ड्रम आणायचे, ही युक्ती गेमवाले कधीपासून वापरतात, प्रसंगानुसार म्युझिक वळवणारी लुकासआर्ट्स या गेम कंपनीची आयम्यूज ही सिस्टीम तर 1991 पासूनची. तो ड्रम म्हणजे इशारा असतो, तोच बंद केला तर शत्रूंची लाट डोळ्यांना दिसेपर्यंत थांबा मग.

आणि आयफोनवर जुना गेम उघडतच नसेल तर डोकं आपटू नका, 2017 च्या आयओएस 11 पासून 32 बिटवाले, म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठी बनवलेले ॲप चालणं बंद झालंय. अपडेट आलं नसेल तर रीइन्स्टॉल करूनही काही होणार नाही, काॅम्प्युटरवरची आवृत्ती मिळते का ते बघा.