पोलीस अडवतील हे धरून कॅमेऱ्याची तयारी

रस्त्यावर फोटो काढायला निघण्याच्या आदल्या रात्री मेमरी कार्ड रिकामं करा. बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो कुलूपबंद नसतात. कार्ड पाहिलं गेलं तर आजच्या रस्त्यावरच्या फोटोंबरोबर घरचे खासगी फोटोही दिसतात. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दुसरं कार्ड ओव्हरफ्लोवर (पहिलं भरल्यावरच वापरायचं) नको, बॅकअपवर (प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर) लावा. कॅमेऱ्याचं घड्याळ मिनिटापर्यंत जुळवा. बॉडी-लेन्सचे सीरियल नंबर आणि वकिलाचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण मोबाईल हातातून जाऊ शकतो. त्याचं फिंगरप्रिंट आणि फेस अनलॉक बंद करून निदान सहा आकडी पासकोड लावा. बोट धरून टेकवता येतं, पासकोड तसा काढून घेता येत नाही.

कायदा जिथे फिरणार तिथलाच वाचा. विचारणं, पाहणं, जप्त करणं आणि पुसणं हे चार वेगळे अधिकार आहेत. एक असला की बाकीचे आपोआप येत नाहीत. ब्रिटनमध्ये दहशतवादाचा रास्त संशय असेल तर २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४३ खाली पोलीस कॅमेऱ्यातले फोटो पाहू शकतात, पण झडती घेताना ते पुसू शकत नाहीत. अमेरिकेत अटकेनंतरही मोबाईल तपासायला सहसा वॉरंट लागतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं ठरवलं. भारतात फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रण खुद्द पोलिसांनी करायचं असतं. लष्करी जागा, विमानतळ आणि मॉल यांचे नियम वेगळे, ते आधीच पाहून ठेवा.

अडवलं तर कॅमेरा पट्ट्यावर लोंबू द्या, हात बॅगेत घालू नका. ‘मी जाऊ शकतो का?’ आणि ‘कोणत्या कलमाखाली?’ एवढं शांतपणे विचारा. ओढाताण कधीच नको. फोटोचा साधा प्रश्न तिथे सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा होऊन बसतो.

‘डिलीट करा’ म्हटलं तर आपल्या हाताने पुसू नका, संमती नाही एवढं स्पष्ट सांगा. तरी पुसले गेलेच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसल्यावर सहसा फक्त नोंद जाते. फोटो त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. एसडी कार्ड काढून कडेची बारीक कळ लॉककडे सरकवा, मग घरी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. मोबाईलवर हा भरवसा धरू नका.

कॅमेरा जप्त झाला तर यादीची प्रत मागा. नुसतं ‘एक कॅमेरा’ लिहिलं असेल तर थांबवा; बॉडी, लेन्स, बॅटरी आणि प्रत्येक कार्ड क्षमतेसह वेगळं लिहून घ्या, नाहीतर परत घेताना कार्डाचा उल्लेखच सापडत नाही.