फाइल मॅनेजरमध्ये झटपट शोधाची चौकट कुठे ठेवावी?

एखाद्या फोल्डरमध्ये शेकडो फाइली असल्या, की हवी ती फाइल नजरेने हुडकणे त्रासाचे होते, आणि म्हणूनच बहुतेक फाइल मॅनेजरांत दोन-चार अक्षरे टंकताच फाइलपर्यंत नेणारी एक छोटी शोधचौकट असते. तिची जागा ठरवताना फक्त मांडणी नीटनेटकी दिसते की नाही, एवढाच विचार होतो. प्रत्यक्षात वापरणारा माणूस त्या जागेवरूनच एक अंदाज बांधतो: ही चौकट नेमके कुठे शोधणार? यादीला चिकटून असलेली चौकट समोरच्या यादीतच शोधेल आणि खिडकीच्या माथ्यावरची चौकट दूरवर शोधेल, असे तो गृहीत धरतो. हा अंदाज चुकला, तर डिस्कवर असलेली फाइलही त्याला ‘नाही’ वाटते. स्वतः फाइल मॅनेजर लिहिणाऱ्यांना, तसेच टूलबारची मांडणी बदलू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या सोयीची रचना करू पाहणाऱ्यांना पुढील क्रम उपयोगी पडेल.

पायरी १: शोध कोणत्या प्रकारचा आहे, ते आधी ठरवा

‘झटपट शोध’ या एकाच नावाखाली तीन वेगळी कामे येतात. पहिले काम उडी मारण्याचे: अक्षर टंकले, की त्या अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलीवर निवड जाते आणि बाकीची यादी जशीच्या तशी राहते. दुसरे गाळण्याचे: जुळणारी नावे तेवढी उरतात, इतर तात्पुरती दिसेनाशी होतात. तिसरे खोल शोधाचे: आतले उपफोल्डर, कधी संपूर्ण डिस्क, तर कधी फाइलींमधला मजकूरही धुंडाळला जातो. या तिन्ही कामांना एकच चौकट द्यायची असेल, तर निदान ती या क्षणी कोणते काम करत आहे, हे तिच्या आतल्या फिकट मजकुरातून कळलेच पाहिजे. ‘शोधा’ एवढाच शब्द तिथे पुरत नाही. ‘या फोल्डरमध्ये शोधा’ किंवा ‘सर्व ठिकाणी शोधा’ असे स्पष्ट लिहावे.

पायरी २: व्याप्तीप्रमाणे जागा द्या

खोल शोधाची चौकट अ‍ॅड्रेस बारच्या ओळीत, डावीकडून उजवीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांत उजव्या टोकाला ठेवावी. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये ती तिथेच आहे आणि मॅकच्या फाइंडरमध्येही ती टूलबारच्या उजवीकडेच सापडते. इतक्या वर्षांची ही सवय मोडायची, तर तसे भक्कम कारण हवे. अरबी किंवा उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांत संपूर्ण मांडणी आरशातल्यासारखी उलटते, तेव्हा चौकटही डाव्या टोकाला गेली पाहिजे.

गाळणीची चौकट मात्र यादीच्या हद्दीत असावी, म्हणजे स्तंभशीर्षकांच्या लगेच वर किंवा यादीच्या लगेच खाली. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपच्या डॉल्फिन नावाच्या फाइल मॅनेजरमध्ये ही विभागणी स्वच्छ दिसते: कंट्रोल-एफ दाबल्यावर शोधाची पट्टी वर येते, तर कंट्रोल-आय दाबल्यावर गाळणीची पट्टी यादीच्या तळाशी उघडते. दोन कामे, दोन जागा, दोन शॉर्टकट. गोंधळाला फारसा वाव उरत नाही. याउलट फाइंडरच्या खिडकीत एखादे फोल्डर उघडे असतानाही मूळ सेटिंगनुसार शोध संपूर्ण मॅकभर होतो. चौकट त्या फोल्डरच्या खिडकीत आहे आणि व्याप्ती मात्र सगळ्या यंत्राची आहे. ही विसंगती मला आजही खटकते. सेटिंगच्या प्रगत विभागात ‘सध्याचे फोल्डर शोधा’ हा पर्याय निवडून ती दूर करता येते.

पायरी ३: वर की खाली, हे चौकट कायम दिसते की नाही त्यावरून ठरवा

कायम दिसणारी चौकट वर ठेवावी. पहिला निकाल यादीच्या माथ्यावर उमटतो, त्यामुळे उंच खिडकीत टंकण्याची जागा तळाशी असली, तर नजरेला सतत वर-खाली धावावे लागते.

टंकायला लागताच प्रकट होणारी चौकट मात्र तळाशी बरी. ती यादीच्या वर उगवली, तर सगळ्या ओळी एका ओळीच्या उंचीने खाली सरकतात, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणी क्लिक करत असेल, तर ते क्लिक भलत्याच फाइलीवर पडते. तळाशी उघडणाऱ्या चौकटीने वरच्या ओळी हलत नाहीत. वरच ठेवायची असेल, तर तिच्यासाठी जागा आधीपासून राखून ठेवावी. स्पर्शपडद्यावर आणखी एक पथ्य पाळावे लागते: पडद्यावरचा कीबोर्ड तळाचा भाग झाकतो, म्हणून चौकट कीबोर्डच्या वर सरकली पाहिजे.

चौकट कोपऱ्यात असावी, कारण माउसला कडा गाठणे सोपे जाते, असे सांगताना मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या नियमाचा (लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते लवकर गाठता येते) आधार घेतला जातो. परंतु कडेचा तो फायदा पडद्याच्या कडेला मिळतो. खिडकी पूर्ण पडदाभर नसेल, तर तिच्या कोपऱ्यावर माउस थांबत नाही, तो पुढे निघून जातो. शिवाय झटपट शोध वापरणाऱ्याचे हात बहुधा कीबोर्डवरच असतात. म्हणून माउसच्या अंतरापेक्षा नजरेच्या अंतराला जास्त महत्त्व द्यावे.

पायरी ४: दोन पॅनेल असतील, तर प्रत्येकाला स्वतःची चौकट द्या

१९८६ च्या नॉर्टन कमांडरपासून चालत आलेल्या दोन-पॅनेली परंपरेत हा प्रश्न सर्वांत अवघड होतो. टोटल कमांडर, डबल कमांडर आणि मिडनाइट कमांडर यांत डावे-उजवे असे दोन फोल्डर एकाच वेळी उघडे असतात. माथ्यावर एकच सामाईक चौकट ठेवली, तर ती कोणत्या बाजूत शोधेल? ‘जे पॅनेल सक्रिय आहे, त्यात’ हे उत्तर कागदावर ठीक वाटते. पण कर्सर चौकटीत गेला, की सक्रिय पॅनेलची खूण फिकी पडते आणि वापरणारा आपण कोणत्या बाजूला होतो, हेच विसरतो. म्हणून प्रत्येक पॅनेलच्या तळाशी, त्याच पॅनेलच्या रुंदीत, स्वतंत्र चौकट उघडावी. मिडनाइट कमांडरमध्ये कंट्रोल-एस दाबल्यावर टंकलेली अक्षरे सक्रिय पॅनेलच्याच तळाशी दिसतात, हा त्याचाच नमुना.

या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकीच्या तळाशी आज्ञा टंकण्याची ओळही असते आणि नुसती अक्षरे दाबली, तर ती त्या ओळीत जाणे अपेक्षित असते. मग शोधाला कोणती कळ द्यायची? टोटल कमांडरने हा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला आहे: नुसते अक्षर, ऑल्टसह अक्षर किंवा कंट्रोल-ऑल्टसह अक्षर, यांपैकी हवी ती पद्धत सेटिंगमध्ये निवडता येते. आज्ञा-ओळ आणि शोधचौकट एकमेकींच्या अगदी वर-खाली ठेवल्या, तर दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांत पार्श्वरंगाचा किंवा चिन्हाचा फरक ठेवावाच. चौकटीत कर्सर असतानाही वर-खाली बाणांनी यादीतली निवड हलली पाहिजे आणि एंटर दाबल्यावर निवडलेली फाइल उघडली पाहिजे. नाहीतर शोध झटपट राहत नाही.

पायरी ५: लपलेल्या चौकटीचा पत्ता लागू द्या

टंकताच उघडणारी चौकट सरावलेल्यांना आवडते, पण ती आहे हे नवख्याला कळायला मार्ग नसतो. ती जिथे उघडते, त्याच बाजूला भिंगाचे छोटे बटण ठेवावे. टंकण्याचा अर्थ अचानक बदलणे मात्र टाळावे. २०१२ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरने ३.६ या आवृत्तीत अक्षर टंकल्यावर फाइलीवर उडी मारण्याची जुनी सोय काढून तिथे उपफोल्डरांसह खोल शोध आणला, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांनी बरीच नाराजी व्यक्त केली होती.

देवनागरी, चिनी, जपानी अशा लिप्यांत टंकण्यासाठी अनेकदा इनपुट पद्धत, म्हणजे दाबलेल्या कळांतून त्या लिपीतली अक्षरे जुळवणारे साधन, वापरली जाते. चौकट पहिल्या अक्षरानंतर उघडत असेल, तर ते पहिले अक्षर हरवत नाही ना, हे तपासावे. पर्यायी अक्षरांची यादी साधारणपणे कर्सरच्या खाली उघडते. चौकट पडद्याच्या अगदी तळाशी असेल, तर ही यादी वर उघडते आणि शोधाचे निकाल झाकते. अशा भाषांचे वापरकर्ते अपेक्षित असतील, तर चौकट वर ठेवण्याकडे माझा कल राहील.

पायरी ६: गाळणी चालू असेपर्यंत चौकट लपवू नका

यादी गाळलेली आहे, पण चौकट दिसत नाही, ही अवस्था सर्वांत धोक्याची. वापरणाऱ्याला वाटते, फाइली गेल्या. म्हणून गाळणी लागू असेपर्यंत चौकट दिसत राहावी, तिचा रंग वेगळा असावा आणि शेजारी ‘३१२ पैकी १४’ असा आकडा असावा. खिडकी अरुंद झाली, तर रिकामी चौकट आक्रसून भिंगाएवढी झाली तरी चालेल, भरलेली मात्र नाही. एस्केप दाबल्यावर गाळणी उठावी आणि चौकटही मिटावी. फोल्डर बदलल्यावर गाळणी पुसली जाणे हेच योग्य. ज्यांना ती टिकवायची आहे, त्यांच्यासाठी डॉल्फिनच्या पट्टीत कुलपाचे बटण आहे, तसे द्यावे.

पायरी ७: माणसांसमोर ठेवून पाहा

तयार मांडणी चार-पाच जणांपुढे ठेवावी आणि काहीही टंकण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘इथे लिहिले, तर संगणक कुठे शोधेल?’ उत्तरे वेगवेगळी आली, तर आतला मजकूर बदलून पाहावा. तरीही फरक पडला नाही, तर जागा बदलावी. त्यानंतर एखादी फाइल शोधायला सांगून त्यांची नजर आधी कुठे जाते, ते पाहावे. ही चाचणी हजारो फाइली असलेल्या फोल्डरवर घ्यावी, कारण अक्षर टंकल्यापासून यादी बदलेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाहून बराच जास्त वेळ लागू लागला, की माणसे चौकट बंद आहे असे समजून दुसरीकडे क्लिक करतात, आणि दोष गतीचा असताना तो जागेचा वाटतो.