ऑब्लिव्हियनमध्ये लेव्हल वाढवताना घाई नको

डिचोलीचा माझा मावसभाऊ पावसाच्या सुट्टीत २००६ चा ऑब्लिव्हियन हा कॉम्प्युटर गेम घेऊन बसला आणि चार दिवसांत रडकुंडीला आला, म्हणे लेव्हल वाढली तरी साधा दरोडेखोरच मला लोळवतो. अरे, तिथे शत्रू तुझ्या लेव्हलप्रमाणेच वाढतात, पुढे तर रस्त्यावरचे लुटारू काचेचं चिलखत (गेममधलं भारी चिलखत) घालून फिरतात!

तर असं कर. मेजर स्किल्स (सुरुवातीला निवडलेली मुख्य कौशल्यं) मिळून १० वेळा वाढली की पलंगावर झोपल्यावर लेव्हल वाढते, पण झोपायच्या आधी हिशेब बघ. एखाद्या ॲट्रिब्यूटची (ताकद, वेग असा मूळ गुण) स्किल्स मिळून १० वेळा वाढली असतील तरच त्याला +५ मिळतो, नाहीतर कमी. सगळ्यात आधी एन्ड्युरन्स, म्हणजे दमदारपणाचं ॲट्रिब्यूट, वाढव, कारण प्रत्येक लेव्हलला मिळणारी हेल्थ त्यावर ठरते आणि मागची भरून मिळत नाही. त्यासाठी ढाल धरून एखाद्या खेकड्याचा मार खात उभा राहा, ब्लॉक (वार अडवायचं स्किल) वाढतो, मग तुटकं चिलखत हातोड्याने स्वतः दुरुस्त कर, ही दोन्ही एन्ड्युरन्सचीच स्किल्स.

गप्पा मारून स्पीचक्राफ्ट (बोलून लोकांना वळवायचं स्किल) वाढवत बसलास आणि ते मेजर असेल तर लेव्हल फुकट चढते, तलवार तिथेच. मुख्य कथेतलं क्वाच शहराचं काम मात्र कमी लेव्हललाच उरक. एवढं करून जमलं नाही तर डिफिकल्टीचा स्लायडर थोडा खाली ओढ, त्यात लाज कसली.